प्लेगच्या जिवाणूचा आहार

एखादा रोग अमुक जिवाणूमुळे झाला, असे ठामपणे म्हणायचे तर तो जिवाणू रुग्णाच्या शरीरातून काढून प्रयोगशाळेत वाढवून दाखवावा लागतो. वाढवायचा तर त्याचे खाणे ठाऊक हवे. बीड जिल्ह्यातील मामला या लहानशा गावामुळे १९९४ साली हा एरवी पाठ्यपुस्तकात राहणारा विषय देशाच्या चर्चेत आला.

त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये मामल्यात उंदीर मरून पडू लागले, घरांत पिसवांचा उपद्रव वाढला आणि पाठोपाठ गावकऱ्यांना ताप व जांघेत, काखेत गाठी येऊ लागल्या. जुन्या मराठी वृत्तपत्रांत ज्याला ‘ग्रंथिक सन्निपात’ म्हणत, तोच हा गाठीचा प्लेग. १९६६ नंतर भारतात माणसांतील प्लेगची नोंद झालेली नव्हती. सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लोक घरे व साठवलेले धान्य सोडून गेले, त्यामुळे उंदरांचे फावले, असे अनुमान तेव्हा मांडले गेले. सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगची साथ उद्भवली आणि लाखो लोकांनी शहर सोडले. जागतिक आरोग्य संघटनेकडे त्या वर्षी भारतातून ८७६ संशयित रुग्ण व ५४ मृत्यू नोंदले गेले. विमानसेवा खंडित झाल्या, निर्यात अडली. मात्र अनेक डॉक्टर व परदेशी तज्ज्ञ एकच प्रश्न विचारत राहिले : जिवाणू वाढवून दाखवला आहे का?

कोणत्याही जिवाणूला पाणी, कर्ब, नत्र, स्फुरद, गंधक आणि लोह, मॅग्नेशियम यांसारखी खनिजे लागतात. फरक असतो तो ही द्रव्ये कोणत्या रूपात हवीत, यात. आतड्यातील ई. कोलाय ग्लुकोज आणि काही साधे क्षार एवढ्यावर आपली सर्व अमिनो आम्ले स्वतः तयार करतो. हिमोफिलस इन्फ्लुएन्झा या जिवाणूला रक्तातील दोन घटक आयते लागतात. म्हणून त्याच्यासाठी रक्त तापवून ‘चॉकलेट अगर’ करतात, ज्यात चॉकलेटचा केवळ रंग असतो. कुष्ठरोगाचा जिवाणू तर कृत्रिम माध्यमावर अद्याप कोणालाही वाढवता आलेला नाही.

प्लेगचा जिवाणू, यर्सिनिया पेस्टिस, या दोन टोकांच्या मध्ये बसतो. तो काही हजार वर्षांपूर्वी आतड्यात रोग निर्माण करणाऱ्या एका जिवाणूपासून उत्क्रांत झाला. उंदीर आणि पिसू यांच्या शरीरात सर्व काही आयते मिळू लागल्यावर मेथिओनिन, फेनिलअॅलनिन यांसारखी अमिनो आम्ले स्वतः बनविण्याची क्षमता त्याने गमावली. मांसार्कात ती असतातच, त्यामुळे साध्या पोषक माध्यमावरही तो वाढतो. पण अतिशय सावकाश. २४ तासांनी त्याच्या वसाहती टाचणीच्या टोकाएवढ्याही दिसत नाहीत, ४८ तासांनी कुठे नीट ओळखू येतात. तोवर नमुन्यातील इतर जिवाणू सारे ताट फस्त करतात. शिवाय बहुतेक रोगजंतू ३७ अंश सेल्सिअसला उत्तम वाढतात, तर याला २८ अंशांच्या आसपासचे तापमान मानवते. ३७ अंशांवर माध्यमात पुरेसे कॅल्शियम नसेल तर त्याची वाढ थांबते.

लोहाची कथा याहून रंजक आहे. माणसाच्या शरीरात लोह भरपूर असले तरी ते प्रथिनांशी घट्ट बांधलेले असते. आक्रमक जिवाणूंना उपाशी ठेवण्याचा शरीराचा हा एक मार्गच म्हणावा लागेल. प्लेगचा जिवाणू त्यावर तोड म्हणून यर्सिनियाबॅक्टिन नावाचे संयुग बाहेर सोडतो आणि ते लोह हिसकावून आणते. पिसवाच्या पोटात तो चिकट थर करून अन्नमार्गच बुजवतो. भुकेने व्याकूळ झालेली पिसू पुन्हा पुन्हा चावते. रक्त पोटात जात नाही, उलट जिवाणूंसह जखमेत परतते. १९१४ साली बेकट आणि मार्टिन या संशोधकांनी हा प्रकार प्रथम वर्णिला.

या जिवाणूच्या आहाराचा सर्वांत चतुर उपयोग मात्र महाराष्ट्रातच झाला होता. ऑक्टोबर १८९६ मध्ये वाल्डेमार हाफकिन मुंबईत आले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजमधील एका खोलीत प्लेगची लस बनवू लागले. लसीसाठी जिवाणू मोठ्या प्रमाणावर हवे होते. त्यांनी मांसार्काच्या पृष्ठभागावर तुपाचे थेंब तरंगत ठेवले. त्या थेंबांना धरून जिवाणू वाढत आणि गुहेतील चुनखडीच्या लोलकांसारखे खाली लोंबत. बाटली हलवली की तळाशी पडत व वर नवे धरत. गोमांस किंवा डुकराच्या मांसाचा अर्क लोकांना चालणार नाही, हे ओळखून बोकडाचे मांस वापरण्यात आले. सुमारे सहा आठवडे वाढवलेले जिवाणू उष्णतेने मारून लस तयार होई. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. परळच्या प्रयोगशाळेला १९२५ मध्ये त्यांचे नाव मिळाले.

ज्या राज्यात शंभर वर्षांपूर्वी हा जिवाणू बाटल्या भरभरून वाढवला गेला, तेथेच १९९४ मध्ये तो वेळेवर हाती लागला नाही, यात विसंगती असली तरी कारणे उघड आहेत. दीर्घकाळ रोगच न दिसल्याने तो ओळखण्याचा सराव प्रयोगशाळांत उरला नव्हता. अनेकांनी नमुना देण्याआधीच टेट्रासायक्लिन घेतले होते. ते रुग्णासाठी योग्यच होते, पण अशा नमुन्यातील जिवाणूला कितीही उत्तम अन्न दिले तरी तो वाढणे कठीण. परिणामी बरेचसे निदान रक्तातील प्रतिपिंडांवर विसंबून राहिले आणि शंकेला जागा उरली. डॉ. व्ही. रामलिंगस्वामी यांच्या अध्यक्षतेखालील तांत्रिक समितीने १९९५ मध्ये ही साथ प्लेगचीच असल्याचा निर्वाळा दिला. साथीत मिळालेल्या जिवाणूंच्या जनुकीय तपासणीचे निष्कर्ष हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेतील शास्त्रज्ञांनी २००० साली प्रसिद्ध केले. त्यांनीही तो यर्सिनिया पेस्टिसच असल्याचे दाखवले. २००२ मध्ये हिमाचल प्रदेशातील सिमला जिल्ह्यात प्लेग पुन्हा उद्भवला, तेव्हा रुग्णांच्या नमुन्यांतून जिवाणू वाढवण्यात यश आले.