फिल्मच्या कडेचा आवाज

कार्टूनमधल्या पोर्की पिग या डुकराला पहिला आवाज दिला जो डॉअर्टी या नटाने, १९३५ साली. डॉअर्टी खरोखरच तोतरे बोलत. अडखळणं त्यांच्या हातात नसल्यामुळे एकेका वाक्यासाठी फिल्म नुसती फिरत राहायची. त्या काळी आवाज ३५ मिलिमीटर फिल्मवरच्या जेमतेम अडीच मिलिमीटरच्या पट्टीत प्रकाशाने उमटवला जाई. हजार फुटांचं रीळ अकरा मिनिटांत संपे, आणि पुसून पुन्हा वापरायची सोय नव्हती. खर्च परवडेना, तेव्हा १९३७ मध्ये लिऑन श्लेसिंगर यांच्या स्टुडिओने हे काम मेल ब्लँक यांच्याकडे सोपवलं. ब्लँक हवं तिथे, हवं तेवढंच अडखळत.

त्याच वर्षी डॅफी डक आला. त्याच्यासाठी ब्लँक यांचं बोलणं मंद गतीने नोंदवून नेहमीच्या गतीने वाजवलं जाई. ती चिरकी घाई घशातून निम्मी आली, उरलेली यंत्रातून.

नोंदणीनंतर संकलकाची खरी परीक्षा सुरू होई. चांगले तुकडे कापून जोडायचे, तर प्रत्येक सांध्यावर पट्टीतून जाणारा प्रकाश एकदम बदलायचा आणि कर्ण्यातून ‘टक्’ असा ठोका यायचा. त्यावरचा इलाज हाताचा होता: सांध्यावर काळ्या शाईचा त्रिकोण रंगवायचा, म्हणजे प्रकाश हळूहळू मिटतो, पुन्हा उमलतो आणि ठोका नाहीसा होतो. धुळीचा कण, बारीकसा ओरखडाही खरखर बनून ऐकू येई, म्हणून फिल्म जपून हाताळावी लागे. मग सेकंदाला २४ चौकटी या हिशेबाने कोणत्या चौकटीवर कोणता उच्चार येतो, ते तक्त्यावर उतरवलं जाई. चित्रकार ओठ काढत ते या तक्त्यावरून. आवाज आधी, चित्र नंतर. कार्टूनच्या इतिहासात या कष्टांची नोंद फारच थोडी आहे, आणि ही उणीव सलते.

पुढे चुंबकीय टेप आली. चूक पुसता येऊ लागली, गतीशी खेळणंही सोपं झालं. १९५८ मध्ये रॉस बॅग्डासेरियन यांनी निम्म्या गतीच्या टेपवर सावकाश गाऊन, ती दुप्पट गतीने वाजवून एका गाण्यातल्या तीन चिपमंकांचे, म्हणजे खारींचे, आवाज एकट्याने उभे केले. त्या गाण्याच्या ध्वनिमुद्रणासाठी ध्वनिमुद्रक टेड कीप यांना पहिल्याच ग्रॅमी सोहळ्यात पुरस्कार मिळाला. १९६१ मध्ये हे चिपमंक दूरदर्शनच्या पडद्यावर कार्टून होऊन आले. त्यांतल्या थिओडोरचं नाव या टेड कीप यांच्यावरूनच ठेवलेलं आहे.