योगक्षेम आणि प्रत्युत्तर



आपल्यापैकीं बहुतेकांच्या घरीं, कपाटाच्या एखाद्या कप्प्यांत, आयुर्विम्याचा एक कागद जपून ठेवलेला असतो. हप्त्याची तारीख आपण सहसा चुकवीत नाहीं. परंतु हा हप्ता इतकाच कां, असा प्रश्न मात्र आपण क्वचितच विचारतों. अहमदाबादच्या एका प्राध्यापकानें तो विचारला. त्यांतून पुढें जो वाद उभा राहिला, तो विम्याच्या दरावरून नव्हे, तर उत्तर देण्याच्या हक्कावरून. त्या वादाची हकीकत आज मला आपणांस सांगावयाची आहे.

आरंभीं थोडा पूर्वेतिहास पाहूं. आयुर्विम्याचा धंदा पूर्वीं आपल्याकडे खाजगी कंपन्यांच्या हातीं होता. त्यांपैकीं कांहीं सचोटीनें चालत. कांहींच्या चालकांनीं मात्र विमेदारांचा पैसा आपल्या इतर उद्योगांकडे वळविला, आणि त्याचा भुर्दंड गरीब विमेदारांस सोसावा लागला. १९ जानेवारी १९५६ रोजीं तत्कालीन अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनीं नभोवाणीवरूनच राष्ट्रास सांगितलें कीं, हा धंदा सरकार आपल्या ताब्यांत घेत आहे. त्याच वर्षाच्या १ सप्टेंबरला २४५ संस्थांचा व्यवहार एकत्र करून आयुर्विमा महामंडळ स्थापन झालें. त्याचें बोधवाक्य गीतेच्या नवव्या अध्यायांतून घेतलें आहे. जें मिळालेलें नाहीं तें मिळवून देणें हा योग, आणि जें मिळालें आहे त्याचें रक्षण करणें हें क्षेम. विम्याच्या संस्थेस याहून समर्पक शब्द सांपडणें कठीण!

परंतु जेथें गांवांत दुकान एकच, तेथें गिऱ्हाइकानें भाव पाडून मागावा कोणाकडे? महामंडळाच्या जन्मानंतर अवघ्या दीड-दोन वर्षांतच मुंदडा प्रकरण उद्भवलें. विमेदारांच्या पैशांतून सुमारें १ कोटी २४ लाख रुपयांचे भाग एका उद्योगपतीच्या कंपन्यांत खरेदी झाले होते. मुंबईचे मुख्य न्यायाधीश छागला यांनीं १९५८ सालीं त्याची उघड चौकशी मुंबईंतच केली, आणि अर्थमंत्री कृष्णम्माचारी यांना अधिकारपद सोडावें लागलें. लोकांचा पैसा सुरक्षित राहण्यास कायद्याइतकीच उघड चर्चाहि आवश्यक असते, हा त्या प्रकरणाचा धडा.

आतां मूळ कथेकडे वळूं. १९७८ सालीं प्रा. मनुभाई शहा यांनीं अहमदाबादेस ग्राहक शिक्षण व संशोधन केंद्र उभें केलें. त्याच वर्षाच्या जुलै महिन्यांत त्यांनीं महामंडळाच्या कारभाराचा अभ्यास करून एक निबंध प्रसिद्ध केला. महामंडळ विमेदारांमध्यें भेदभाव करतें व त्यामुळें असंख्य लोकांचें नुकसान होतें, असा त्याचा आशय होता. मथळा तर फारच जहाल, कारण त्यांत विमेदारांची फसवणूक असा स्पष्ट आरोप होता. महामंडळाच्या बाजूनें एका अधिकाऱ्यानें मद्रासच्या ‘हिंदू’ दैनिकांत त्यास उत्तर दिलें. शहा यांनीं प्रत्युत्तर लिहिलें, आणि तेंहि त्याच दैनिकानें छापलें. येथवर सारें रीतसर झालें.

पुढें महामंडळानें आपल्या अधिकाऱ्याचा लेख ‘योगक्षेम’ या स्वतःच्या नियतकालिकांत पुन्हां छापला. तेव्हां शहा यांनीं विनंति केली कीं, माझें प्रत्युत्तरहि त्याच ठिकाणीं छापावें. महामंडळानें ती अमान्य केली. हें आमचें घरचें नियतकालिक आहे, आमच्या माणसांस माहिती देण्यासाठीं आहे, त्यांत काय घ्यावें हें आम्हींच ठरवूं, असा त्याचा पवित्रा होता.

कांहीं पानांच्या एका लेखासाठीं न्यायालयाची पायरी चढावी काय, असें कोणी म्हणेल. शहा मात्र चढले. गुजरात उच्च न्यायालयानें त्यांच्या बाजूनें कौल दिला. महामंडळ सर्वोच्च न्यायालयांत गेलें, आणि २२ जुलै १९९२ रोजीं तेथेंहि तें हरलें. निबंध प्रसिद्ध झाल्यापासून चौदा वर्षें लोटलीं होतीं. शाळेंत पहिलीला बसलेलें मूल तेवढ्या काळांत पदवीच्या वर्गांत जाऊन पोंचतें!

न्यायमूर्ति अहमदी यांनीं लिहिलेल्या त्या निर्णयाचें सार असें: महामंडळ ही शासनाचीच शाखा असून लोकांच्या पैशावर चालते. तिनें एकच बाजू वाचकांपुढें ठेवणें न्यायाचें नाहीं. वाचक थोडे असले तरी दोन्ही बाजू पाहून त्यांना आपलें मत बनवितां आलें पाहिजे. घटनेच्या १९व्या कलमानें दिलेलें भाषणस्वातंत्र्य ‘घरचें नियतकालिक’ या सबबीनें डावलतां येणार नाहीं. तथापि न्यायालयानें मर्यादाहि स्पष्ट केली. सरकारी पैशानें निघणाऱ्या प्रत्येक नियतकालिकांत वाटेल त्यानें वाटेल तें छापून मागावें, असा या निर्णयाचा अर्थ नव्हे. शहा यांच्यावरील टीका जेथें छापली, तेथेंच त्यांचें उत्तर नाकारलें, हा येथील अन्याय होता.

त्याच निकालपत्रांत दुसऱ्याहि एका वादाचा निवाडा झाला. भोपाळच्या १९८४ मधील वायुदुर्घटनेवरील एका अनुबोधपटास सुवर्णकमळ मिळालें होतें. तरीहि विषय शिळा झाला, दावे न्यायालयांत चालू आहेत, अशीं कारणें देऊन दूरदर्शननें तो दाखविण्याचें नाकारलें होतें. तींहि कारणें न्यायालयानें फेटाळलीं.

१९९२ च्या निर्णयांत हप्त्यांविषयींचा मूळ आक्षेप खरा कीं खोटा, हें ठरविलेलें नव्हतें. पण आक्षेप घेणाऱ्याचा आवाज मोकळा राहिला. पुढें १९९५ सालीं याच केंद्राच्या दुसऱ्या दाव्यांत सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें कीं, मुदतीचा एक विशिष्ट विमा केवळ सरकारी, निमसरकारी वा नामांकित व्यापारी संस्थांतील पगारदारांपुरता राखून ठेवणें समानतेच्या तत्त्वाविरुद्ध आहे. शेतकरी, कारागीर, छोटा दुकानदार यांच्या मृत्यूनंतर त्यांच्या मुलाबाळांनाहि पोट असतेंच ना! १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्यांत ग्राहकाचें म्हणणें ऐकून घेतलें जाण्याचा हक्क नमूद झाला होता. २०१९ च्या नव्या कायद्यांतहि तो कायम आहे. आयुर्विम्याची मक्तेदारीहि १९९९ च्या कायद्यानें संपली.

मी जन्मभर शाळामास्तर. वर्गांत दोन मुलें तक्रार घेऊन आलीं, तर मोठ्यानें बोलणाऱ्याचें आधीं ऐकावें असा मोह होई. एकदां तसेंच करून मीं चुकीच्या मुलास शिक्षा केली. तो मुलगा कांहींच बोलला नाहीं, आणि तें मला आजहि विसरतां येत नाहीं. म्हणून हा निर्णय मला केवळ विमेदारांचा वाटत नाहीं. ज्याच्या हातीं पैसा, छापखाना आणि अधिकार आहे, त्यानें दुसऱ्यास आपल्याच पानावर चार ओळींची जागा द्यावी, एवढेंच त्याचें मागणें आहे. आज आपण घरीं गेल्यावर तो विम्याचा कागद एकदां काढा, वाचा, आणि कांहीं शंका आली तर ती निर्भयपणें विचारा. आपलें क्षेम तेथूनच सुरू होतें.