गुलबर्ग्याचा टीव्ही आणि आमचा वेताळ

ऐंशीच्या दशकातल्या लहानपणाच्या आठवणी मराठीत निघाल्या की पाढा ठरलेला असतो. चिमणराव-गुंड्याभाऊ, गजरा, श्वेतांबरा... मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झालं, तिथपासून गोष्ट सुरू होते आणि मुंबई-पुण्याच्या चाळीत आणि वाड्यात संपते. वाचायला मजा येते, नाही असं नाही. पण दर वेळी मनात येतं, मंडळी, हे आमचं नव्हे!

आमचं म्हणजे कुणाचं, ते सांगतो. वडील शिक्षकाची नोकरी धरून गोव्यात आले म्हणून मी फोंड्याला वाढलो. मूळ गाव मात्र ठाणाकुशनूर. बिदर जिल्हा, तेव्हाचा औराद तालुका. कमलनगर स्टेशनला उतरायचं आणि पुढे मिळेल त्या वाहनाने जायचं. 1948 पर्यंत हा मुलूख निजामाचा. 1 नोव्हेंबर 1956 ला राज्यांची फेररचना झाली तेव्हा जुन्या बिदर जिल्ह्याची तीन तुकड्यांत वाटणी झाली. उदगीर, अहमदपूर, निलंगा मुंबई राज्याकडे. जहिराबाद, नारायणखेड आंध्राकडे. औराद, भालकी, हुमनाबाद आणि खुद्द बिदर म्हैसूरकडे. आमची सोयरीक उदगीरला आणि कचेरी बिदरला! घरात मराठी, बाजारात कन्नड आणि दख्खनी, जमिनीच्या जुन्या कागदांवर उर्दू. दर मे महिना माझा तिथे जायचा.

आता टीव्हीचं. कर्नाटकात टीव्ही प्रथम बंगळुरात आला असं कुणालाही वाटेल. तसं नाही. तो आमच्या बाजूला, गुलबर्ग्याला आधी आला! (2014 पासून त्याचं नाव कलबुर्गी झालं, पण माझ्या तोंडून गुलबर्गाच येतं.) 1 ऑगस्ट 1975 ते 31 जुलै 1976 असं बरोबर एक वर्ष ‘साइट’ नावाचा प्रयोग झाला. अमेरिकेच्या नासाने एटीएस-6 हा उपग्रह आपल्याला वापरायला दिला आणि सहा राज्यांतल्या सुमारे 2400 खेड्यांत टीव्ही संच बसवले गेले. कर्नाटकातली खेडी गुलबर्गा, विजापूर, रायचूरकडची होती, म्हणजे सगळा कोरडा, मागास म्हटला जाणारा पट्टा. शाळेच्या किंवा पंचायतीच्या आवारात तारेच्या जाळीची मोठी छत्री, सकाळी शाळेच्या मुलांसाठी कार्यक्रम, संध्याकाळी मोठ्यांसाठी शेती, आरोग्य वगैरे. दिवसाला चार तास. वर्ष संपलं आणि नासाने उपग्रह परत नेला. मग 1977 मध्ये गुलबर्ग्याला जमिनीवरचं केंद्र सुरू झालं. बंगळूरचं केंद्र आलं 1 नोव्हेंबर 1981 ला. म्हणजे राजधानीच्या चार वर्षं आधी आमच्याकडचे शेतकरी टीव्ही बघत होते.

यात मराठी माणसं किती होती हे आम्हीच विसरलो. या प्रयोगाचे कार्यक्रम व्यवस्थापक एकनाथ चिटणीस कोल्हापूरचे. मुलांच्या कार्यक्रमांची जबाबदारी ज्या शैक्षणिक तंत्रज्ञान केंद्राकडे होती त्याच्या प्रमुख विजया मुळे. ‘एक अनेक और एकता’ हा 1974 चा चिमण्यांचा चित्रपट आठवतो ना? त्याच बाई! त्या चिमण्या आज प्रत्येकाला आठवतात, बाईंचं नाव मात्र विचारलं तर दहातल्या नऊ जणांना सांगता येत नाही.

मी गावात टीव्ही पाहिला तो पुष्कळ नंतर, 1985-86 कडे. थोरल्या काकांनी हैदराबादहून ईसी कंपनीचा काळा-पांढरा संच आणला होता. अँटेनाचा बांबू माळवदावर रोवलेला. चुलतभाऊ वर, आम्ही खाली.

“आलं का?”

“मुंग्या यायल्यात! फिरीव अजून!”

हवा चांगली असेल तर एकीकडे फिरवला की कन्नड, दुसरीकडे फिरवला की तेलुगू, रात्री दिल्लीचं हिंदी. मराठी कुठल्याच दिशेला नाही. मराठी यायची ती रेडिओवर, परभणी आकाशवाणीवरून. आज्जी संध्याकाळी कन्नडमधला शेतीचा कार्यक्रम बघायची आणि मान हलवायची. कळतं का म्हणून विचारलं की म्हणायची, “त्येला काय कळायचंय, सोयाबीन दिसायलंय की!” पुढे चुलतभाऊ कन्नड अस्खलित बोलू लागला, त्यात शाळेपेक्षा त्या बांबूचा वाटा मोठा, असं माझं मत आहे. काहींना हे आक्रमण वाटतं. मला वाटत नाही. त्याला त्या भाषेने नोकरी दिली. पण त्याच्या मुलांना मराठी नीट वाचता येत नाही, हेही तितकंच खरं, आणि ते मला लागतं.

त्या काळी आम्हा दोघांचं मासिक एकच, चांदोबा. 1947 ला मद्रासेत तेलुगू आणि तमिळमध्ये निघालेल्या चंदामामाचा हा मराठी अवतार. शेजारच्या घरात तोच अंक कन्नडमधून यायचा. चित्रं तीच! झाडावरून प्रेत खांद्यावर घेतलेला, हातात तलवार घेतलेला शंकर यांनी काढलेला विक्रम सगळ्यांचा एकच, फक्त खालची अक्षरं वेगळी. चित्रावर बोट ठेवून आम्ही तिघं गोष्ट तीन भाषांत सांगायचो. 1985 ला रामानंद सागरांचं ‘विक्रम और बेताल’ आलं तेव्हा गोष्ट पाठच होती. आमच्या फोंड्याच्या शेजारणीला मात्र त्या मालिकेचा राग. आमोणे, पैंगीण, लोलये इथे वेताळ ग्रामदैवत. ज्याच्यापुढे कौल लावायचा त्याला पांढरे केस लावून झाडाला लटकवलेलं तिला कसं पटणार? ठाणाकुशनूरला हे सांगितलं तर कुणाला खरं वाटेना.

1987 ची गंमत बघा. 25 जानेवारीला ‘रामायण’ सुरू झालं आणि पुढच्या दहा दिवसांत, 4 फेब्रुवारीला, गोव्याच्या विधानसभेत राजभाषा विधेयक मंजूर झालं. आमच्या घरी रविवारी सकाळी राम आणि उरलेला आठवडाभर कोकणी-मराठी. मे महिन्यात गावी गेलो तर तिथे वाद सीमेचा. घटक राज्याची बातमी, 30 मेची, मी तिथेच ऐकली. काकांनी विचारलं, “तुमचं गोवा आता वेगळं राज्य, मग तुम्ही कुठले?” वडील हसले फक्त.

‘अख्खा गाव एकत्र बसून रामायण बघायचा’ असं सगळीकडे लिहिलेलं असतं. आमच्या गावात एका मोठ्या वाड्यात रंगीत टीव्ही आला होता. आम्ही आत जाजमावर. वस्तीवरची पोरं बाहेर, खिडकीच्या गजांना धरून. लाइट गेली की आत ओरड व्हायची आणि बाहेरची मुलं गप्प उभी. साइटच्या दिवसांत संच पंचायतीचा होता, कुणाच्या घरचा नव्हता, हा फरक मला पुढे कळला. तो फरक मोठा होता.

खेळण्यांबद्दल लिहायचं तर पान पुरणार नाही. कडब्याच्या गंजीतून ज्वारीची धाटं उपसून, साल आणि गाभा वेगळा करून, बाभळीचे काटे खिळ्यांसारखे टोचून केलेली बैलगाडी मी एकदा फोंड्याला आणली होती. इथल्या मित्रांनी बदल्यात चुडताचं भिरभिरं दिलं. सावंतवाडीची लाकडी फळं जत्रेतून यायची, ती खेळायला नाही, कपाटात ठेवायला!

प्रसार भारतीने 2022 पर्यंत देशभरचे बहुतेक ॲनालॉग ट्रान्समीटर बंद केले. माळवद पाडून काकांच्या घरावर आता स्लॅब आहे आणि शेजारी डिशची छोटी छत्री. त्यावर मराठी वाहिन्या चांगल्या डझनभर दिसतात. गेल्या दिवाळीत गेलो तेव्हा चुलतभावाची नात मोबाइलवर कन्नड कार्टून बघत होती. चांदोबाचे बांधून ठेवलेले अंक भावाने मला देऊ केले. मी म्हटलं, अर्धे तुझ्याकडे राहू देत, ती चित्रं तरी बघेल.