काट्याला न दिसणारी चरबी

निलंग्यात काय किंवा पुण्यात काय, अंगाने सडपातळ मुलगी म्हणजे निरोगी मुलगी, असे आपण गृहीत धरतो. अशा मुलीची पाळी दोन-दोन महिने चुकू लागली आणि पोट थोडे सुटले, की तिला सल्ला मिळतो : रात्रीचे जेवण सोड. ती भाकरी सोडते. वजन उतरते, पण पोट फारसे उतरत नाही आणि पाळीही सुधारत नाही. असे का व्हावे, हे उलगडायला विज्ञानाला बराच काळ लागला.

१९३५ साली शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथल या डॉक्टरांनी सात स्त्रियांची हकिगत प्रसिद्ध केली. त्यांची पाळी अनियमित होती आणि बीजांडकोश आकाराने वाढून त्यांत बारीक बारीक पाणथळ पुटकुळ्या झाल्या होत्या. त्या साऱ्याच काही स्थूल नव्हत्या. आज या विकाराला आपण पीसीओएस म्हणतो. दोष बीजांडकोशातच असावा, असे तेव्हा वाटले. रक्तातली संप्रेरके इतकी अल्प असतात, की ती अचूक मोजायचे साधनच नव्हते.

ते साधन न्यूयॉर्कमध्ये रोझलिन यालो आणि सॉलोमन बर्सन यांनी १९६० च्या सुमारास घडवले. किरणोत्सारी अणूंचा उपयोग करून त्यांनी रक्तातले इन्शुलिन मोजले. यालो यांना १९७७ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे १९८० मध्ये पीसीओएस असलेल्या स्त्रियांच्या रक्तात इन्शुलिन वाढलेले आढळले. ते स्थूलपणामुळे असेल, अशी शंका होती. १९८९ मध्ये अमेरिकेतील आंद्रेआ डुनाइफ आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की स्थूल नसलेल्या रुग्णांतही स्नायू इन्शुलिनला नीट दाद देत नाहीत.

याचा अर्थ काय? जेवणानंतर रक्तातली साखर मुख्यतः स्नायू उचलतात, इन्शुलिनच्या सांगण्यावरून. स्नायूंनी ऐकले नाही, तर स्वादुपिंड अधिक इन्शुलिन सोडते. बीजांडकोश मात्र हे वाढीव इन्शुलिन ऐकतात आणि पुरुषी संप्रेरके जास्त बनवू लागतात, पाळी बिघडते. चरबी साठवून ठेव, हा निरोपही इन्शुलिनच देते.

आपल्याकडे याला आणखी एक पदर आहे, आणि तो पुण्यात उलगडला. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ पासून जवळच्या सहा खेड्यांतील मातांचा अभ्यास सुरू केला. २००३ मध्ये त्यांनी तेथील बाळांची तुलना इंग्लंडमधील साउदम्प्टनच्या बाळांशी केली. सरासरी वजने २.७ आणि ३.५ किलो. आपल्या बाळांचे दंड आणि पोट बरेच बारीक होते; पण पाठीच्या त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून होती. पुढच्याच वर्षी याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे छायाचित्र ‘लॅन्सेट’मध्ये आले. उंचीच्या मानाने वजन किती, हे सांगणारा बीएमआय दोघांचाही २२.३. चरबी मात्र युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के!

म्हणजे काटा फक्त ओझे सांगतो. ते हाडामांसाचे आहे की चरबीचे, हे सांगत नाही. सडपातळ मुलगी उपाशी राहिली, की चरबीबरोबर स्नायूही झिजतात, आणि साखर उचलणारे हातच कमी होतात. शिवाय चरबीतून निघणारे लेप्टिन हे संप्रेरक घटते. १९९४ मध्ये त्याचा शोध लागला. ते फार घटले, की मेंदूला दुष्काळाची वर्दी मिळते. शरीर ऊर्जा राखू लागते आणि पाळी लांबते किंवा थांबते. म्हणून अशा मुलीला हवी ती उपासमार नव्हे, तर डाळ-उसळीसह पोटभर जेवण, स्नायू बळकट करणारा व्यायाम आणि वेळेवर झोप. पाळी लांबण्यामागे थायरॉइडचा दोष किंवा नुसते अपुरे खाणेही असू शकते. तेव्हा तपासणी डॉक्टरांकडूनच व्हावी.

वर्गात एक प्रयोग करता येईल. मुलामुलींनी घरी, आपापले, दोरीने उंची मोजावी; दोरी मधोमध दुमडावी आणि कमरेभोवती धरावी. टोके जुळली तर उत्तम. आकडे वर्गात वाचून दाखवू नयेत. बारीक अंगाची थट्टा आणि बारीक अंगाचे कौतुक, दोन्ही आपण थांबवले, तर एखादी मुलगी आपली तक्रार वेळेवर सांगू शकेल.