शोकग्रस्त मुले आणि आपली भाषा

घरात मृत्यू झाला की सांत्वनासाठी आलेली माणसे मोठ्यांभोवती बसतात आणि मुलांना शेजारी पाठविले जाते. 'लहान आहे, त्याला काय कळते' ही आपली समजूत. हंगेरीतील मानसशास्त्रज्ञ मारिया नॅगी यांनी ३ ते १० वर्षांच्या मुलांशी संवाद साधून केलेला अभ्यास १९४८ साली प्रसिद्ध झाला. पाच वर्षांखालील मुलांना मृत्यू हा तात्पुरता दुरावा वाटतो आणि साधारणतः नवव्या वर्षानंतर तो अटळ व कायमचा असल्याचे उमगते, असे त्यात आढळले. या वयोमर्यादा काटेकोर नाहीत. मात्र मुलाला काहीच कळत नाही, असे कोणत्याही वयात म्हणता येणार नाही.

म्हणूनच आम्हांला शब्दांची काळजी अधिक वाटते. 'आजोबा झोपले आहेत' असे ऐकलेले मूल रात्री झोपायला घाबरू लागते. 'बाबा गावाला गेले' म्हटले तर ते दाराकडे डोळे लावून बसते. 'चांगली माणसे देवाला आवडतात, म्हणून त्याने आईला नेले' हे वाक्य तर आपल्या श्रद्धाळू घरांत सर्रास ऐकू येते. हेतू सांत्वनाचा असतो. मुलाच्या मनात मात्र आई हिरावून नेणारा देव उभा राहतो आणि आपणही चांगले वागलो तर आपल्यालाही नेईल, अशी भीती बसते. आईचे शरीर आजाराने थांबले, ती आता श्वास घेणार नाही, परत येणार नाही, हे आधी साध्या शब्दांत सांगावे. पुनरुत्थानाची आशा त्यानंतर सांगता येते. सत्य झाकण्यासाठी तिचा वापर करू नये. लाजराच्या कबरीपाशी प्रभू येशूने स्वतः अश्रू ढाळले, हेही मुलांना जरूर सांगावे.

लहान मुले बरेचदा दोष स्वतःकडे घेतात. 'मी हट्ट केला म्हणून बाबा गेले का?' हा प्रश्न ती विचारतीलच असे नाही. तेव्हा 'यात तुझा काही दोष नाही' हे आपणच, पुन्हा पुन्हा, सांगावे.

दफनविधीला मुलाला न्यावे का? शवपेटी, कबर, रडणारी माणसे, माती देणे, जे जे दिसेल ते आधी समजावून सांगावे आणि मग त्याला विचारावे. बरोबर विश्वासातील एक मोठी व्यक्ती असावी आणि त्याला नकोसे झाल्यास तिने त्याला बाजूला न्यावे. येण्यास नकार दिला तर सक्ती नको. २ नोव्हेंबरच्या मृतांच्या स्मरणदिनी कबरीवर मेणबत्ती लावणे, फुले वाहणे हे त्याला नंतरही करता येते.

किशोरवयीनांचे दुःख वेगळे दिसते. कोणी गप्प होतो, कोणी संतापतो, कोणी मिस्सेला येणेच सोडतो. अशा वेळी प्रवचन नको, सोबत हवी. थोरल्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवून 'आता घराचा कर्ता तूच' म्हणण्याची पद्धत तर बंदच व्हावी. पंधरा वर्षांच्या मुलाला आधी रडण्याची मुभा हवी.

शाळेत परतण्यापूर्वी वर्गशिक्षकांना कल्पना द्यावी. जेवण-झोप अनेक आठवडे बिघडलेली असेल, अभ्यास व मित्र दोन्ही सुटले असतील, तर तज्ज्ञांकडे न्यावे. 'मलाही त्यांच्याकडे जायचे आहे' असे मूल म्हणाले, तर त्याला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी मदत घ्यावी. शासनाच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक २०२२ पासून चोवीस तास उपलब्ध आहे.