नाडी पाहावी की श्वास? कॉटवरच्या चार्टची कुळकथा

कॉटच्या पायथ्याशी लटकणाऱ्या चार्टवर तापाची रेघ वेगळी, नाडीची वेगळी, श्वासाची वेगळी. यात भांडण्यासारखं काही असेल असं वाटत नाही. पण हैदराबादेत यावरून असा वाद पेटला होता की त्याची धग लंडनपर्यंत पोचली.

१८८५ मध्ये एडवर्ड लॉरी रेसिडेन्सी सर्जन म्हणून हैदराबादेत आले. भुलीसाठी क्लोरोफॉर्म देताना नाडीकडे बघायचंच नाही, लक्ष फक्त श्वासावर, ही एडिंबरोचे सर्जन साइमसाहेब यांची शिकवण त्यांनी घट्ट धरलेली. ती बरोबर का, हे तपासायला निजाम महबूब अली खान यांच्या आश्रयाने १८८८ मध्ये कमिशन बसलं. कुत्र्यांवर प्रयोग झाले आणि निकाल लागला: आधी श्वास थांबतो, हृदय नंतर. लंडनच्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाला हे पटेना. तेव्हा निजामांनी एक हजार पौंड देऊ केले, तुमचाच माणूस पाठवा म्हणून! १८८९ मध्ये लॉडर ब्रंटन आले. शेकडो जनावरं, फिरत्या नळकांड्यावर उमटणारी रक्तदाबाची रेघ, सगळं चोख. निकाल तोच.

पण पुढे १९११ मध्ये गुडमन लेव्ही यांनी मांजरांवर दाखवून दिलं की क्लोरोफॉर्मची भूल हलकी असतानाही हृदय एकाएकी बंद पडू शकतं. हैदराबादच्या नोंदी खोट्या नव्हत्या. पण ‘नाडी बघू नका’ असं शिकवलं की नाडीचा रकानाच राहत नाही, आणि रकाना नाही ते कुणी बघत नाही.

लेव्हींच्या आधीच बोस्टनमध्ये कुशिंग आणि कॉडमन या वैद्यकीय विद्यार्थ्यांनी १८९४-९५ च्या सुमारास ईथर देताना नाडी आणि श्वास एकाच कागदावर मांडायला सुरुवात केली. भुलीच्या चार्टचं मूळ इथलं. तापाची रेघ त्याआधीची, लाइपझिगच्या वुंडरलिश यांची. त्यांचा ग्रंथ १८६८ चा. त्यांचा थर्मामीटर सुमारे फूटभर लांब, ताप बघायला वीसेक मिनिटं! इंग्रज डॉक्टर ऑलबट यांनी तो आखूड केला तेव्हा कुठे तो नर्सच्या खिशात मावला.

आकड्यांखेरीजचं लिहायचं कसं, हा नर्सचा खरा पेच. सुरुवातीची पद्धत सरळ गोष्ट सांगण्याची: अमुक वाजता उलटी झाली, डॉक्टरांना कळवलं. वाचायला सोपी, शोधायला कठीण. अमेरिकेत लॉरेन्स वीड यांनी १९६८ मध्ये तक्रारवार मांडणी सुचवली: रुग्ण काय सांगतो, आपल्याला काय दिसतं, निष्कर्ष काय, पुढे काय करायचं. १९८३ मध्ये मिलवॉकीतून आणखी एक पद्धत आली: सगळं ठीक असेल तर नुसती खूण, बिघडलं तरच लिहायचं. वेळ वाचतो खरा, पण खूण म्हणजे ‘पाहिलं, ठीक आहे’ की ‘पाहिलंच नाही’? ‘लिहिलं नाही ते केलं नाही’ हा धडा घोकलेल्या सिस्टरला ती कशी पचावी? माझं मत जुन्या पद्धतीच्या बाजूने. आकड्यांना तक्ता हवाच, पण शिफ्टगणिक वेळ घालून दोन ओळी हाताने लिहिलेल्या हव्यात. संगणकावर टिचक्या मारून चार्ट भरला जात असेल, तिथे तर नक्कीच.

नाइटिंगेलबाईंनी १८५९ च्या पुस्तकात बजावलं होतं की ‘रात्र बरी गेली का’ असं विचारू नका, किती तास आणि कधी झोप लागली ते विचारा. हे नातेवाइकांनाही लागू आहे. इनटेक-आउटपुट चार्ट घेऊन सिस्टर पाणी किती गेलं म्हणून विचारते, तेव्हा ‘असेल दोन ग्लास’ असं ठोकून देऊ नका. तो आकडा तसाच चार्टवर चढतो आणि त्यावर सलाईन ठरतं. माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा.