काडतूस कोणी भरलं?



काडतूस म्हटलं की आपल्याकडे १८५७ आठवतं. एन्फिल्ड रायफलीचं कागदी काडतूस दातांनी फोडायचं, आणि त्याला लावलेली चरबी कशाची आहे हे शिपायाला ठाऊक नाही. त्या उठावाची कारणं पुष्कळ होती, त्यात आज आम्ही शिरत नाही. आम्हाला त्यातला एकच प्रश्न हवा आहे. जी वस्तू आपण तोंडाशी नेतो, ती कोणी आणि कशी बनवली? अमेरिकेत हजारो लोक घरीच काडतुसं भरतात. त्यांचं उत्तर सोपं असतं : आम्हीच बनवली. मग विश्वास कोणावर ठेवायचा?

काडतुसाचे भाग चार. पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी टोपी, आत दारू आणि तोंडाला गोळी. बार उडाल्यावर पुंगळी तेवढी मागे राहते, आणि तिची किंमत बाकीच्यांपेक्षा जास्त. ती पुन्हा भरावी, हा विचार इथूनच आला.

१८६६च्या सुमारास दोन प्रकारच्या टोप्या निघाल्या. एक अमेरिकेच्या हायरम बर्डनची, दुसरी इंग्रज अधिकारी एडवर्ड बॉक्सर यांची. गंमत बघा, बर्डनची पद्धत युरोपात रुजली आणि बॉक्सरची अमेरिकेत! बॉक्सरच्या पुंगळीला मधोमध एकच भोक असतं. आतून एक सुई घातली की जुनी टोपी बाहेर पडते. बर्डनच्या पुंगळीला बाजूला दोन बारीक भोकं, तिथे हे जमत नाही. अमेरिकेत घरगुती भरणा फोफावला, त्याचं एक मोठं कारण हे एवढंसं भोक आहे.

१८७०च्या दशकात गवताळ मैदानांवर रानरेडे मारणारे शिकारी दुकानापासून शेकडो मैल दूर असत. ते शिसं वितळवून साच्यात गोळ्या ओतत आणि तंबूतच पुंगळ्या भरत. १८८४ मध्ये जॉन बार्लो यांनी आयडियल नावाची कंपनी काढली. तिचं हत्यार दिसायला थेट आपल्या अडकित्त्यासारखं, खिशात मावणारं. नवशिक्याचं पहिलं साधन ते हेच.

पण त्याच १८८४ मध्ये फ्रान्समध्ये पॉल व्हिएय यांनी धूर न करणारी दारू तयार केली, आणि सगळा हिशेब बदलला. काळी दारू मापानं भरत. पुंगळी जवळजवळ भरून जाई, दुप्पट घालायला जागाच नसे. नवी दारू थोडी लागते, जोर मात्र कितीतरी जास्त. काही पुंगळ्यांत चुकून दोनदा पडली तरी मावते. म्हणून वजनाचा काटा आला. माप ग्रेनमध्ये. एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम, आपल्या गुंजेच्या साधारण निम्मा. सोनाराचंच काम म्हणा ना!

पुढे १९४३ मध्ये फ्रेड हंटिंग्टन यांनी कॅलिफोर्नियात आरसीबीएस कंपनी सुरू केली. तिचे मेजाला जखडायचे भक्कम प्रेस घरोघरी गेले. १९५८ मध्ये विस्कॉन्सिनच्या रिचर्ड ली यांनी हातोडीनं ठोकायचा लहानसा संच काढला. अगदी गरिबालाही परवडेल असा. दांडीच्या प्रत्येक ओढीला एक तयार काडतूस देणारी यंत्रंही आली.

काही वर्षांपूर्वी आम्ही लेकीकडे विस्कॉन्सिनलाच होतो. शेजारच्या आजोबांच्या गॅरेजात भिंतीवर एक फुटलेलं पिस्तूल टांगलेलं होतं. आम्ही विचारलं, हे काय? म्हणाले, ‘‘प्रोफेसर, दांडी ओढता ओढता गप्पा मारत होतो. एका पुंगळीत दारू दोनदा पडली. चष्मा होता म्हणून डोळा वाचला.’’ त्यांचा नातू नुकताच शिकू लागला होता. त्याला ते वेगवान यंत्र हवं होतं. आजोबांनी त्याला एका वेळी एकच काम करणारा प्रेस दिला, एक काटा दिला आणि वजनांच्या तक्त्यांचं पुस्तक. म्हणाले, ‘‘आधी पुस्तक वाच, मग काट्याला हात लाव. दांडी शेवटी.’’ पोरगा फुरंगटला. पण प्रत्येक पुंगळी दिव्याखाली धरून आत डोकावू लागला, हे आम्ही पाहिलं.

आम्ही उभा जन्म तत्त्वज्ञान शिकवलं. ‘जबाबदारी’ या शब्दावर किती तास बोललो असू! त्या गॅरेजात तिचं वजन ग्रेनमध्ये होत होतं. १८५७च्या शिपायाला काडतूस भरणारा हात दिसत नव्हता. या मुलाला तो दिसतो, कारण तो त्याचाच आहे. म्हणून भीती संपत नाही, तिची जागा तेवढी बदलते. नवशिक्याचं साधन चांगलं कोणतं? जे त्याला घाई करू देत नाही ते.

आणि हो, आपल्याकडे १९५९च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय काडतुसं बनवणं गुन्हा आहे. तेव्हा घरी जाऊन कोणी अडकित्ता शोधू नये. (हशा) सुपारीपुरता ठेवा.